डांबराचा रविवार

दयामावशीची टपरी रविवारी बंद असते. मावशी चर्चला जाते आणि टपरीसमोरचा रस्ता विश्रांती घेतो. दोघांपैकी जास्त भाविक कोण, हे मला मार्चपर्यंत कळलं नव्हतं.

घोडेगावच्या पुढे आमचा फाटा. हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या मावशीच्या चहासाठी अगदी त्याच जागी उभ्या राहतात. चालती ट्रॉली डांबराला फार दुखवत नाही, ठाण मांडलेली दुखवते. पाहुण्यांसारखंच. डांबर दबतं. ट्रॉली गेली की थोडं लगेच वर येतं, थोडं रात्रभरात सावकाश, आणि थोडं कधीच येत नाही. कॉलेजात माझा प्रोजेक्ट हाच होता. मॉडेलमध्ये लगेच परतणाऱ्यासाठी स्प्रिंग असते आणि न परतणाऱ्यासाठी घट्ट तेलात रुतलेला दट्ट्या. आमच्या घरात स्प्रिंग म्हणजे मी. दट्ट्या म्हणजे मावशीचा नवरा. तो सुरतेला गेला तो गेलाच.

शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मी रस्त्यावर आडवी दोरी ताणून पट्टीनं चाकोरीची खोली मोजायचो. रविवार मिळाला की रस्ता जरा वर यायचा.

"आधी भार, मग खड्डा," कॉलेजातल्या अश्विनी मॅडम सांगायच्या. "उलटं दिसलं तर समज, पट्टी उलटी धरलीयस."

भानगड अशी की टपरीकडची चाकोरी जास्त दबत होती. गणित मांडलं. असंच चाललं तर एक दिवस भरलेली ट्रॉली टपरीवर कलंडणार, असं उत्तर आलं. टपरीत मावशी असणार.

"मावशी, टपरी पुढच्या लिंबाखाली हलव."

"आन् गिऱ्हाईक?"

"तेही येईल तिकडे."

"मग तिथला रस्ता दबनार न्हाई का, शहाण्या?"

"तो नवा आहे. हंगाम निघून जाईल."

"मग जाऊ दे हंगाम. बघू," म्हणत तिनं मला कपबशा विसळायला लावलं.

पुढच्या सोमवारी चाकोरी शनिवारपेक्षा खोल निघाली. टपरी बंद असताना.

त्यानंतरच्या रविवारी मी चर्चला दांडी मारून फाट्यावर बसलो. उसाची ट्रॉली ओढणारा सहादेवचा ट्रॅक्टर आला, डावीकडे वळला आणि बंद टपरीसमोर थांबला. सहादेव दोन्ही हातांनी तंबाखू मळत होता.

"टपरी बंद आहे ना, सहादेवभाऊ?"

"म्हाईत हाय की. मी कुटं थांबलो? गाडीच थांबती." तो हसला. "लई दिस झाले, हितं आलं की मी स्टेअरिंग सोडून देतो. इंजिनेर, तुज्या रस्त्याला चा लागलाय."

ट्रॉली इतकी झुकली होती की उसाचे शेंडे छपराच्या पत्र्यावर घासत होते. वारा नव्हता.

मी मावशीला बोलावून ते दाखवलं. आठवडाअखेर, शनिवारी रात्री, टपरी लिंबाखाली गेली.

रविवारी आम्ही चर्चमध्ये असताना सहादेवची ट्रॉली जुन्या, रिकाम्या जागेपाशी थांबली आणि कलंडली. मावशी जिथे बसायची, बरोबर तिथेच उसाचा ढीग पडला. सहादेव उडी मारून वाचला, तंबाखूही न सांडता. गावभर माझं नाव झालं.

"देवानं वाचवलं," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आन् ह्यानं थोडं."

सोमवारी सकाळी मावशी दूध काढून ठेवत होती तेव्हा मी लिंबासमोर दोरी ताणली. उगाच, सवयीनं. तिथे अजून एकही ट्रॉली थांबली नव्हती.

पट्टी बोटभर खाली उतरली.

मी पट्टी उलटी करून पाहिली. बोटभरच.

चाकोरी लिंबापाशी येऊन डावीकडे वळत होती, थेट मावशीच्या स्टोव्हच्या दिशेनं. खड्डा आधी आला होता. भार यायचा होता.

"मावशी, आज उघडू नको."

"रविवार काल झाला की रे!"

लांबून ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू यायला लागली. समजावत बसायला वेळ नव्हता. मी स्टोव्ह उचलला आणि शेतात पळालो, कारण स्टोव्हमागे मावशी येणार हे नक्की होतं. ती आलीच, शिव्या देत. शेतात डांबर नव्हतं. माझं मॉडेल फक्त डांबराचं होतं; आम्हाला तेवढाच आधार होता.

मागे लिंबापाशी ट्रॉली डावीकडे वळल्याचा आवाज आला. मग पत्रा चुरडल्याचा. त्यानंतर आवाज थांबायला हवा होता. तो शेतात उतरला, आमच्या मागे.