अभिमन्यूचे हातमोजे

"मावशी, स्टेजवर चला की. खुर्ची राखून ठेवलीया."

"खुर्ची तुलाच लखलाभ. माजी जागा हितं हाय," असं म्हणत बनाबाईनं गोलाच्या जाळीमागं पोतं अंथरलं आणि बसकण मारली.

रामहरी हसला. दर वर्षी सव्वीस जुलैला तो हेच विचारायचा आणि हेच ऐकून घ्यायचा. बनाबाईचा अभिमन्यू ह्या टीमचा गोलकीपर होता तेव्हा रामहरी कॅप्टन होता. आता पोट सुटलं होतं, पण टीम अजून तोच सांभाळत होता.

बनाबाई सकाळच्या एसटीनं मंद्रूपहून आली होती. तिनं पिशवीतून हातमोजे काढले. पलटणीकडून अभिमन्यूची ट्रंक घरी आली, तीत ते होते. चामडं वाळून कडक झालं होतं. रामहरीनं ते नेहमीसारखे सुतळीनं खांबाला बांधले.

फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. उलट पोरगं रानातली कामं टाकून सोलापुरात मातीत लोळतं म्हणून तिनं एकदा त्याचे बूट पत्र्यावर फेकले होते. पण कारगिलला तो पडला, आणि पुढल्या वर्षी टीमनं त्याच्या नावानं मॅच ठेवली. नवा कीपर म्हणाला, "त्याच्या जागेवर एकदम कसा उभा राहू?" तेव्हापासून रीतच पडली. शिट्टी झाली की गोल मोकळा ठेवायचा. दोन्ही टीमनी मधल्यामध्ये बॉल खेळवायचा आणि मग आपणहून रेषेबाहेर घालवायचा. तोवर गोलावर कुणी मारायचं नाही. बॉल बाहेर गेला की कीपर यायचा, हातमोज्यांना हात लावून कपाळाला लावायचा आणि उभा राहायचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण सोलापुरातल्या सगळ्या टीम पाळत होत्या. तेवढा वेळ बनाबाईला लेक तिथं उभा असल्यासारखा वाटायचा. वर्षभर ती त्याचीच वाट बघायची.

यंदा सगळा कारभार मंजुनाथशेठनं हातात घेतला होता. निवडणूक तोंडावर आली होती ना! डीजे काय, कमानी काय. बॅनरवर शेठचं थोबाड हे एवढं, आणि अभिमन्यूचा फोटो कोपऱ्यात, तिकिटाएवढा. समोर खेळायला थेट पुण्याची टीम बोलावली होती. शेठचं भाषण संपता संपेना. शूर जवान, पवित्र माती आणि मध्येमध्ये स्वतःचीच कामं. पोरं उन्हात ताटकळली होती. एकदाचं भाषण संपलं आणि सगळ्यांची घाई उडाली. रामहरीला वाटलं, पंचानं सांगितलं असेल. पंचाला वाटलं, रामहरीनं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून पुण्याच्या पोरांना ह्या रीतीचं कुणी सांगितलंच नाही.

शिट्टी झाली. पुण्याच्या एका उंच पोरानं मान वर केली. गोल मोकळा! त्यानं तिथूनच लाथ घातली. बॉल टप्पे खात आला, हातमोज्यांच्या बाजूनं आत घुसला आणि बनाबाईच्या तोंडासमोर जाळीवर आदळला. डीजे दणाणला.

"आरं थांबवा, थांबवा!" रामहरी ओरडत धावला.

पोराला खरी गोष्ट कळली तसा त्याचा चेहरा पडला. "आम्हाला कुणी बोललंच नाही, सर. रद्द करा तो गोल," तो म्हणाला. पंचही मान हलवू लागला. तेवढ्यात माइकवरून शेठ गरजला, "गोल म्हणजे गोल! खेळ नियमानं चालतो. सगळं लाइव्ह चाललंय, पुढं चला!"

आग लागो त्या माइकला! बनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, जाळीला वळसा घालून गोलात शिरली, बॉल काखेत मारला आणि खांबांच्या मधोमध उभी राहिली. नऊवारीचा काष्टा, पायात स्लिपर.

शेठ हात जोडत खाली आला. "मातोश्री, तुमच्या मुलाच्या बलिदानाचा आम्हाला अभिमान आहे, पण—"

"मी तुजी मातोश्री न्हवं. वर्सातनं एक डाव गोल मोकळा ऱ्हातुया. तेवडी बी कळ काढवंना व्हय रं तुला? तुज्या भाषणाला काढली की लोकांनी!"

गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. शेठचे कान लाल झाले. "बरं, बरं. तुमच्या समाधानासाठी परत सुरुवात करू. मग तर झालं?"

बनाबाईनं बॉल दिला आणि जाळीमागं गेली. पुन्हा शिट्टी झाली. त्या उंच पोरानं बॉल हळूच ढकलत नेला आणि रेषेबाहेर घालवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवर कुणी गहिवरलं, "काय हा हृद्य क्षण!"

बनाबाईनं गोल मांडायच्या फळ्याकडं बघितलं. पाहुण्यांच्या नावापुढं एकचा आकडा तसाच होता.

"त्यो पुसा की."

"तो राहणार, मातोश्री," शेठ हसत म्हणाला. "नियम आहे."

ती तडक खांबापाशी गेली आणि सुतळीची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना, तशी तिनं दात लावला.

"मावशी, असं नगा करू," रामहरी जवळ येत म्हणाला. "चूक माजी हाय."

"तितं डोंगरावर त्येनं मरुस्तवर जागा सोडली न्हाय, रामहरी. तुमास्नी हितं बॉल भाईर जाईस्तवर राकता यिना. आता मॅच खेळा, काय बी खेळा. त्येचं नाव लावू नगा."

हातमोजे पदरात गुंडाळून ती चालू लागली. कुणी आडवं आलं नाही. रामहरी दोन पावलं मागं आला आणि थांबला.

फाटकापाशी तिला पुन्हा शिट्टी ऐकू आली, म्हणून तिनं वळून बघितलं. कीपर गोलात आला होता. सवयीनं त्यानं खांबाकडं हात नेला. तिथं नुसती सुतळी लोंबत होती. हात तसाच अधांतरी राहिला, आणि तो कपाळाला लावावा की नाही, ते त्याला कळेना.