उजव्या पंखाखालची फरशी

माझी धाकटी बहीण यानातून वर गेली त्या दिवसापासून मी भांडीसुद्धा हळू घासत होते. दर दीड तासाने ती पृथ्वीला एक फेरी मारायची. म्हणजे माझी चार ताटं आणि एक पातेलं होईपर्यंत बाईसाहेब अख्खा समुद्र ओलांडून गेलेल्या. आपण वर सारखे पडतच असतो, असं तिनेच मला समजावलं होतं. फक्त वेग इतका, की जमीन दर वेळी खालून वळून निघून जाते. लहानपणी ती झाडावरून पडायची तेव्हा जमीन कधी अशी शहाण्यासारखी बाजूला झाली नाही.

माझं काम जमिनीवरचं. यान उतरलं की त्याच्या पोटाखाली चाकांच्या फळीवर उताणं पडायचं आणि एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवायची. परतताना हवेच्या झोताने पोट लालबुंद होतं. ते या काळ्या फरश्या सोसतात, म्हणून आतली माणसं घरी येतात. नीट चिकटलेली फरशी खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. तेच यान पुन्हा पाठवायचं म्हणजे दर वेळी हे सगळं पहिल्यापासून. नंतर यंत्र तपासतंच, पण बावीस वर्षं सगळे आधी माझ्या कानाकडे बघत आले. त्याचा मला माजही होता, खोटं कशाला बोलू?

तिथे पडलं की वेळेचं भान राहत नाही. वर हजारो काळ्या चौकटी पसरलेल्या; आपण तरंगतोय की यान, तेच कळेनासं होतं. अशाच एका दुपारी उजव्या पंखाखालची एक फरशी बद्द वाजली. यंत्राने तिला चांगली ठरवलं. मला सर्दी झाली होती. धाकटी या फेरीसाठी चार वर्षं थांबली होती, आणि खोडा मला घालायचा नव्हता. मी सगळं सर्दीवर ढकललं आणि सही केली.

यान आगीवर चढून दिसेनासं झालं. त्याला वर ढकलणारा अग्निबाण काम आटोपून परत आला आणि आपल्या पायांवर उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठेनात.

सहा दिवस मी ते पोटात ठेवलं. उतरण्याच्या आदल्या सकाळी मात्र मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले.

"एक फरशी मला बद्द वाजली होती," मी म्हटलं. "तरी सही केली."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फरशीचा नंबर विचारला. मग यान एक दिवस जास्त वर ठेवलं आणि उजवा पंख सावलीत राहील असं वळवलं, म्हणजे आगीत शिरण्याआधी तो होईल तेवढा गार होईल. खालून एवढंच करता येण्यासारखं होतं.

हे कळल्यावर धाकटीने वरून माझ्याशी बोलू द्या म्हणून सांगितलं.

"ताई, बरं झालं सांगितलंस. नाहीतर जन्मात बोलले नसते तुझ्याशी." मग थांबून हसली. "म्हणजे, बोलणार तरी कुठून म्हणा."

तिसऱ्या दिवशी यानाने पाठ फिरवून इंजिन पेटवलं, वेग जरासा मोडला आणि खाली यायला लागलं. मग काही मिनिटं यानाकडून येणारा आवाजच बंद. मी भिंतीला टेकून उभी होते आणि बहीण सोडून सगळं द्यायला तयार होते. शेवटी आभाळात एक पांढरा ठिपका दिसला, इंजिनाशिवाय तरंगत, अगदी निवांत. चाकं टेकली तेव्हा मी खाली बसले.

आठवड्याने धाकटीचे पाय जरा स्थिरावले, तशी ती हट्टाने माझ्या शेजारी फळीवर येऊन पडली. मी ती फरशी वाजवली. बद्द. तिने वाजवली आणि म्हणाली, "खणखणीत आहे की." मी मान दुसरीकडे वळवून उजवा कान वर केला. खरंच खणखणीत होती. एवढे दिवस त्या जागी माझा डावा कान येत होता.

मी मॅडमना लिहून दिलं, की माझा कान गेला, आता सही घेऊ नका. बाकीच्या फरश्याही दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्या. बावीस वर्षांचं काम गेलं आणि मी हसत बाहेर पडले. कानाचं मला काडीचंही दुःख झालं नाही.

ते घरी गेल्यावर झालं. धाकटी माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि तिच्या श्वासावरून मला ते उशिरा कळलं.