व्हर्नाची खुर्ची

आयोवात आमच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. मी आणि माझी बायको व्हर्ना कायम समोरासमोरच्या कोपऱ्यांत असायचो आणि एकाच गाडीने घरी यायचो. नोव्हेंबरात व्हर्ना गेली.

यंदा तिच्या कोपऱ्यात एक माणूस कमी पडला. तो मिळाला नाही तर त्यांचा उमेदवार बाद होणार होता. तिची मैत्रीण मार्लिस डबा घेऊन माझ्याकडे आली.

"डेलमर, लिंबाची वडी घे. व्हर्नासारखीच केलीय."

"लाच देतेस काय गं?"

"खाऊ नकोस हां, फितुरा!" शेजारचा आर्लो ओरडला.

मी खाल्ली. साखर जास्त होती. पण पलीकडे व्हर्नाची घडीची खुर्ची मांडलेली दिसली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी जाऊन त्या खुर्चीवर बसलो.

मोजणारा वही घेऊन आला. "डेलमर, तू कोणासाठी?"

"व्हर्नासाठी."

"ती उमेदवार नाही रे."

"मग हिच्या माणसासाठी लिही," मी मार्लिसकडे बोट दाखवलं. "नाव तिलाच विचार."