अल्फाची उजवी बाजू

काचबिंदूनं आमच्या मालकांची दृष्टी गेली, पण हट्ट जागच्या जागी राहिला. बायको चालवते त्या गाडीत डावीकडं बसायचं नाही, हा त्यातला पहिला. त्यामुळं शिरोली एमआयडीसीतली आमची फौंड्री त्यांच्याविना चालली होती आणि हे कळंब्याच्या घरात रेडिओला शिव्या घालत बसलेले. माझं विनवून झालं, भांडून झालं. हा माणूस आता खुर्चीतून उठतच नाही, अशी मला भीती वाटायला लागली होती.

खंडेनवमीला शेजारचे अमरसिंह भावजी बोलवायला आले. त्यांच्याकडं दोन इटालियन गाड्या आहेत. वडिलांनी घेतलेली अठ्ठावन्न सालची अल्फा रोमिओ, आणि स्वतः हौसेनं आणलेली शहाऐंशीची फेरारी. अल्फाच्या पंपाचा एक भाग कुठं मिळेना तेव्हा आमच्या मालकांनी तो ओतून दिला होता, म्हणून दर वर्षी पूजेचा नारळ फोडायचा मान यांचा. मान म्हटल्यावर उठले एकदाचे.

पूजा झाल्यावर भावजींनी दोन्ही गाड्या चालू केल्या. यांनी हात फिरवला, कान लावला आणि सरळ निकाल दिला. अल्फाची चार सिलिंडरं एकमेकांचं ऐकून बोलतात, फेरारीत आठजण एकदम बोलायला लागतात. भावजी खवळले. फेरारीचा वेग, तिचं वळणावर चिकटून राहणं, सगळं त्यांनी ऐकवलं. हे म्हणाले, वेग असंल, पण इंजिन पाठीमागं ठेवून माणसाला ढकलत न्यायचं ही काय रीत झाली? कितीतरी दिवसांनी यांचा आवाज असा चढला होता. एरवी मी वैतागते, त्या दिवशी गोड लागला.

चाकांखालची लिंबं चिरडायची राहिली होती. भावजी म्हणाले, "वहिनी, अल्फा तुम्ही काढा."

झालं, आता बिनसणार, असं मला वाटलं. पण हे आयुष्यभराच्या सवयीनं चाचपडत उजव्या दाराशी गेले आणि आत बसले. मी नेहमीसारखी डावीकडं. इटलीच्या त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडंच होतं. आपल्यासमोर चाक नाही हे यांच्या हातांना कळलं. यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. भावजी फेरारी पुसायचं नाटक करत होते.

लिंबं फुटली. मी फाटकाशी थांबणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांबू नको. फौंड्रीवर घे."

भावजींनी हातानंच जा म्हणून सांगितलं. पंचगंगेच्या पुलापर्यंत हे इंजिन ऐकून सांगत होते आणि मी गियर बदलत होते. मी अंबाबाईचे आभार मानले, भावजींचे मानले, आणि ज्यानं कुणी तिकडं ते चाक डावीकडं बसवलं त्याचेही मानले.

फौंड्रीच्या दारात कामगार यंत्रांच्या पूजेचे हार घेऊन उभे होते. हे लगेच उतरले नाहीत.

"दसरा झाला की आपलीच गाडी काढ," म्हणाले. "मी बसतो डावीकडं."