श्रीदेवीचे सोमवार

या मायबाप हो, जरा पुढं सरकून बसा, मागच्यांनाही जागा द्या. आपल्या सोलापुरातल्या एका पोरीची गोष्ट सांगतो. ऐकताना संताप आला तर आवरू नका. सांगताना मलाही तो आवरत नाही.

प्रियदर्शनीबाई मूळच्या मैंदर्गीच्या. आधी आहारशास्त्र शिकल्या. माणसं काय खातात ते कळलं, पण खाल्लेलं डोक्यापर्यंत कसं पोचतं ते कळेना, म्हणून मेंदूच्या अभ्यासाकडे वळल्या. तिथं लक्षात आलं, की पोरांचं डोकं मेंदू तपासायच्या यंत्राखाली जेवढं खुलत नाही तेवढं खेळताना खुलतं. म्हणून पत्त्यांचे खेळ तयार करू लागल्या. त्या शिकवायच्या त्या कॉलेजातले सहकारी चहा पिताना विचारायचे, "मॅडम, तुमची गाडी एखाद्या स्टेशनावर थांबणार आहे की नाही?" बाई हसून घ्यायच्या, पण मनाला लागायचं.

दर सोमवारी त्या शहरातल्या एका शाळेत आठवीच्या मुलांशी खेळायच्या. भाज्यांची चित्रं असलेले वीस पत्ते दाखवायचे, पालथे घालायचे आणि कोणती भाजी कुठं होती ते विचारायचं. सात आठवडे श्रीदेवी नावाची मुलगी सगळ्यांच्या मागं राहिली. बाईंनी शाळेला द्यायच्या अहवालात तिच्या नावापुढं लिहिलं, 'लक्ष टिकत नाही.'

मुख्याध्यापक कुमार सरांना तेवढंच पुरलं. शिष्यवृत्तीच्या वर्गातून त्यांनी तिचं नाव काढून टाकलं. "शाळेच्या सोमवारच्या चाचणीतही हीच तऱ्हा आहे तिची. दुसऱ्याची जागा कशाला अडवायची?"

आठव्या आठवड्यात सोमवारी सुट्टी आली, म्हणून बाई गुरुवारी गेल्या. त्या दिवशी श्रीदेवीनं वीसपैकी अठरा पत्ते बरोबर सांगितले.

"चोरून बघितलं असणार," कुमार सर म्हणाले.

"पालथे पत्ते, सर. कुठून बघणार?"

बाई तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "आज कसं गं जमलं?"

"आज गुरुवार हाय की, बाई."

"म्हणजे?"

"सोमवारी माझा उपास असतो. दादाची बारावी हाय ना. त्याला मार्क पडावेत म्हणून आईनं सोळा सोमवार बोललेत."

"मग दादा नाही करत उपास?"

"त्यो कसा करंल? त्याला अभ्यास असतो की. त्याला दूध-बदाम असतंय."

"आणि शाळेतली खिचडी?"

"मैत्रिणीला देते. चाचणीला अक्षरं हलत्यात बाई सोमवारची. पण सांगू नका कुणाला, दादाचं व्रत मोडंल."

बाईंची कानशिलं तापली. राग तिच्या आईचा आला, सरांचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. आहार शिकले, मेंदू शिकले, खेळ केले, आणि सात सोमवारांत या लेकराला 'जेवलीस का गं' एवढं साधं विचारलं नाही!

संध्याकाळी त्या श्रीदेवीच्या घरी गेल्या. आई लीला टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. उपाशी मेंदूचं काय होतं ते बाईंनी परोपरीनं सांगितलं. लीला म्हणाली, "देवाच्या कामात तुमचं शास्त्र आणू नका, बाई. आनि पोरीच्या जातीला भुकेची सवय लागलेली बरीच असती."

"बरं. मग देवाच्याच माणसाला विचारू."

शिवयोगीअप्पा सत्तरीतले कीर्तनकार, आणि लीलानं त्यांचं एकही कीर्तन चुकवलेलं नव्हतं. दोघी देवळाच्या ओट्यावर गेल्या तेव्हा अप्पा टाळांच्या दोऱ्या बांधत होते.

"अप्पा, ह्या बाई माझं व्रत मोडाय निघाल्यात."

सगळं ऐकून अप्पांनी विचारलं, "नवस कुणाचा?"

"माझा."

"उपास कोन करतंय?"

"पोरगी."

"तू का करत न्हाईस?"

लीला खाली बघत म्हणाली, "मला दिवसभर मशीनवर बसावं लागतंय, अप्पा. उपाशी असलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. सुई बोटात जायची."

अप्पांनी टाळ खाली ठेवले. "म्हंजे अंधारी येते हे तुला ठावं होतं. ठावं असून ती लेकराला दिलीस."

"मीबी सोमवार धरतो. पन भूक माझी असती. दुसऱ्याच्या पोटानं कसला गं उपास? देव जगाची आई हाय. लेकराच्या तोंडातून काढलेला घास ती माउली गिळंल का?"

"पन नवस मोडला तर…"

"देवाला माझं नाव सांग. म्हनावं, शिवयोगीनं मोडायला लावला. काय शिक्षा द्यायची ती मला देईल."

लीलानं पदर तोंडाला लावला. तिनं एवढंच विचारलं, "किती सोमवार उपाशी गेली वो ती?" उत्तर तिचं तिलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीबाईंनी अहवालातली ती ओळ खोडली, 'चूक माझी. मुलगी उपाशी होती,' असं लिहून खाली सही केली आणि कागद कुमार सरांपुढं ठेवला.

पुढच्या सोमवारी सकाळी लीलानं श्रीदेवीच्या ताटात गरम भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. पोरगी हात लावेना. "आई, दादा नापास झाला तर?"

"तर परत बसंल. अभ्यास त्याचा हाय. तू जेव."

त्या दिवशीच्या चाचणीत श्रीदेवीची उत्तरं बरोबर निघाली, तसं कुमार सरांनी तिचं नाव शिष्यवृत्तीच्या वर्गाच्या यादीत स्वतःच्या हातानं परत लिहिलं. मग वर्गात जाऊन विचारलं, "आज न खाता कोण कोण आलंय?" नऊ हात वर झाले. त्यातले सात मुलींचे होते.

मायबाप हो, भक्ती करा, उपास धरा, पण आपापल्या पोटानं धरा. लेकराला उपाशी ठेवून त्याला 'ढ' म्हणणं हा दुहेरी अन्याय आहे, आणि तो देवाच्या नावावर खपवणं हा तिसरा. उद्या ताटावर बसाल तेव्हा तुमच्या घरात जी सगळ्यांत शेवटी जेवते, तिची आठवण ठेवा.