एल्पिदियोने विजेला दिलेला पत्ता

माराकाइबो सरोवराच्या दक्षिण काठावर आमचं गाव. इथे आकाशातली वीज पाहुण्यासारखी येत नाही, भाडेकरूसारखी राहते. अशा गावात लाँचच्या इंजिनांचा निवृत्त मिस्त्री एल्पिदियो याने छपरावर उंच लोखंडी खांब रोवून रेडिओची एरियल चढवली. रोज चिली, उरुग्वे, क्युबातल्या अनोळखी लोकांशी तो तासन्‌तास गप्पा मारायचा.

विजेवर त्याचा एक उपाय होता. ढग गडगडले की धावत जायचं, रेडिओचा प्लग उपटायचा, एरियलची केबल सोडवायची आणि खिडकीतून बाहेर भिरकावायची. एकदा तर कबुली द्यायला गेलेला असताना पाद्रीबाबांना अर्ध्या पापावर सोडून पळाला.

त्या दिवशी संध्याकाळीही त्याने केबल फेकली आणि पाचच मिनिटांत खांबावर वीज कोसळली. घर हादरलं. एल्पिदियोने रेडिओला मिठी मारली.

"वाचला! नेर्वा, वाचला!"

"मीही वाचले," त्याची बायको म्हणाली. "विचारलं नाहीस म्हणून सांगते."

तेवढ्यात शेजारून किंकाळी आली. शेजारी नेर्वाची धाकटी बहीण उबाल्दिना राहायची, नारळाच्या आइसकांड्या विकायची. कुंपणालगतच्या पडवीतला तिचा फ्रीजर धूर ओकत होता. माल वितळण्याआधी संपवायला अख्खी गल्ली जमली. एल्पिदियोनेही दोन कांड्या खाल्ल्या आणि वर उपदेश केला, "उबाल्दिना, किती वेळा सांगितलं, वादळात प्लग काढत जा!"

नेर्वा मात्र काही खात नव्हती. ती खिडकीतून निघालेल्या केबलच्या मागोमाग नजर नेत होती. केबल अंगणातून गेली होती, कुंपणावरून पलीकडे उतरली होती आणि तिचं काळं पडलेलं टोक फ्रीजरच्या जाळीला बिलगून बसलं होतं.

"एल्पिदियो," ती शांतपणे म्हणाली, "कांडी खाली ठेव."

त्याने पाहिलं. घसा खाकरला. "वीज काय, आपली वाट शोधतेच."

"शोधली कुठे?" उबाल्दिना कडाडली. "तू पत्ता दिलास तिला!"

दुसऱ्या दिवशी त्याने रेडिओवरच्या क्युबातल्या जुन्या दोस्ताला विचारलं. दोस्त आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "अरे शहाण्या, केबल फेकायची नसते. घराबाहेरच जमिनीत तांब्याची कांब ठोकून केबल तिला जोडायची. आणि घरच्या विजेचं अर्थिंगही त्याच कांबेला बांधायचं." एल्पिदियो चिखलात उतरला. दोन्ही घरांबाहेर कांबा ठोकल्या. उबाल्दिना खुर्ची टाकून देखरेख करत होती. "अजून खोल! चिनिता माउलीची शपथ, पाताळ लागेपर्यंत ठोक!"

नवा फ्रीजर येईपर्यंत आइसकांड्या एल्पिदियोच्या फ्रिजमध्ये राहायला आल्या, आणि फ्रिज होता रेडिओच्या खोलीत. गिऱ्हाइकंही तिथेच येऊ लागली. एल्पिदियो माइकवर गंभीरपणे हवामान सांगत असताना मागून आवाज यायचा, "दोन नारळ, एक चिंच, आणि सुटे दे गं!" चिलीतल्या एका गृहस्थाने काळजीने विचारलं, "हे काही गुप्त संकेत आहेत का?"

"नाही," एल्पिदियो म्हणाला, "मेहुणी आहे."

पुढच्या आठवड्यात खांबावर पुन्हा वीज पडली. दिवा लुकलुकला, एवढंच. कुणाचं काही जळलं नाही. एल्पिदियोची छाती फुगली. उबाल्दिनाने खांबाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंस. आता नवा फ्रीजर आला तरी दुकान इथेच ठेवते. जागा सुरक्षित आहे."