ब्रेकवरचे आबा

आबांच्या सुनेची गाडी बाकी गुणाची होती, फक्त तिला उभं राहणं माहीत नव्हतं. गिअरचा दांडा 'पार्क'वर टाकला की कुठलीही शहाणी गाडी गप उभी राहते. ही मात्र हळूच निघायची. एकदा चाकाखाली दगड लावून पाहिला, तर बया दगडावरून पलीकडे गेली! हँडब्रेक तर नुसता नावाला होता. शेवटी सुनेनं सासऱ्यांनाच शेजारी बसवायला सुरुवात केली. थांबायची वेळ आली की आबा आपला पाय पलीकडे सरकवून ब्रेकवर ठेवायचे, मग सून स्वतःचा पाय उचलायची आणि "आलेच हं आबा" म्हणून पळायची. ती बँकेतून, दवाखान्यातून, बाजारातून परत येईपर्यंत आबा ब्रेक दाबून बसलेले.

दुसरा कोणी वैतागला असता. आबा खुलले! निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना "जरा सरका" यापलीकडे कोणी काही म्हणत नव्हतं. आता रोज सकाळी सून विचारायची, "येताय ना, आबा?" आणि आबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. शेजाऱ्यांना ऐकवायचे, "माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही."

आणि अशात कंपनीला उपरती झाली. फोनवर निरोप आला की या गाड्यांचे गिअरबॉक्स सदोष निघालेत, घेऊन या, फुकट बदलून देऊ.

"सुटलात बरं का आबा!" सून नाचायचीच बाकी होती.

आबांनी घाईनं हात झटकला. "कंपनीचं काय मनावर घेतेस? चांगली चाललीये की."

"चालतेय हो, थांबत नाही ना!"

वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणाला, "काका, उतरा. गाडी लिफ्टवर घ्यायचीय."

"मी उतरलो की ती गेलीच म्हणून समज."

"चाकांना ठोकळे लावतो."

"दगडाला जुमानलं नाही तिनं, तुझ्या ठोकळ्यांना काय भीक घालणार!"

मॅनेजर आला, त्यानं हात जोडले, नियम सांगितले. आबा ढिम्म. अखेर मॅनेजरनं कपाळावर हात मारला, "घ्या बाबांनो, काकांसकट वर घ्या!"

लिफ्ट घरघरत वर गेली. आबा ट्यूबलाइटच्या शेजारी जाऊन पोहोचले. त्यांचा चहा शिडीवरून गेला. खाली जुना गिअरबॉक्स निघाला, नवा बसला. रांगेतलं एक गिऱ्हाईक घाबरून विचारायला लागलं, "आमच्याही गाडीत कोणी बसवायला लागतं का?" दुसऱ्यानं तर सासूबाईंना फोनही लावला.

"झालं काका! सोडा ब्रेक!"

आबांनी सोडला नाही.

"आबा, अहो नीट झालीये आता," सून मान वर करून म्हणाली. "पाय भरून आला असेल तुमचा."

"येऊ दे!" आबा वरून ओरडले आणि त्यांचा आवाज फाटला. "हा पाय काढला की उद्यापासून मला कोण नेणार गं बाहेर?"

खाली पान्यांचा आवाज थांबला. आबांना वाटलं, आता ही म्हणणार, असं काय बोलता. पण सुनेनं मान खाली घातली. तिला खोटं बोलता यायचं नाही. गाडी बिघडण्याआधी ती त्यांना कोपऱ्यावरसुद्धा घेऊन गेली नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. आबांना आपल्याच बोलण्याची लाज वाटली. त्यांनी मुकाट्यानं पाय काढला. गाडी तसूभरही हलली नाही. मेलीनं तेवढीही माया दाखवली नाही.

परतताना बाजारापाशी सुनेनं गाडी थांबवली. सवयीनं आबांचा पाय पलीकडे सरकला आणि ब्रेकवर बसला. सून उतरली, पण पळाली नाही. वळसा घालून आली आणि तिनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा, आबा."

"अगं, पण गाडी..."

"गेली तर जाऊ दे," सून म्हणाली. "चला."

आबा उतरले आणि दार लावायचंही विसरून तिच्यामागून निघाले.